परमुलखातली चूल

‘स्वयंपाक’ या शब्दाची फोड करून पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. स्वयं म्हणजे स्वतः, पाक म्हणजे शिजवणे. आपले अन्न आपल्या हाताने शिजवून खाणे, हा त्याचा मूळ अर्थ. उत्तरेकडे ‘स्वयंपाकी’ म्हणजे दुसऱ्याच्या हातचे न खाणारा, आपले आपण रांधणारा माणूस. मराठीत मात्र या शब्दाने कोलांटी उडी घेतली. आपल्याकडे स्वयंपाकी म्हणजे पगार घेऊन दुसऱ्यांसाठी रांधणारा, आणि स्वयंपाक म्हणजे घरातल्या बाईने सगळ्यांसाठी करायचे काम! मूळ अर्थ शिल्लक राहिला तो फक्त प्रवासात.

काशीयात्रेला निघालेली जुनी माणसे रोज मुक्कामाला पोचली की धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगड मांडत. धर्मशाळेत जेवण मिळत नसे. मिळे ती जागा, पाणी, आणि नशीब असेल तर चार भांडी व जळण. शिधा वाण्याकडून आणायचा आणि आपापले शिजवायचे. चूल पेटवायला सवड नसेल तेव्हा दशम्या. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळलेले असे, म्हणून ती दोन दिवस टिके. शिवाय दुधातली म्हणून सोवळ्यालाही चाले. एकाच पदार्थात पोटाची आणि धर्माची अशी दोन्ही सोय करणाऱ्या त्या अनामिक आजीबाईचे कौतुक करावे तेवढे थोडे.

हे सांगायचे कारण असे की हल्ली आपल्या बेळगाव-निपाणीकडची माणसेसुद्धा युरोपला जाताना हॉटेलाऐवजी स्वयंपाकघरासकट घर आठ-पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेतात. किल्ली मिळते, आत शेगडी, चार पातेली, सुऱ्या, ताटल्या असतात. बाजार करायचा, शिजवायचे, खायचे, भांडी घासून ठेवायची आणि किल्ली परत द्यायची. पुष्कळांना ही अगदी नवी गोष्ट वाटते. नीट पाहिले तर ती धर्मशाळाच आहे, फक्त तिला भाडे आहे आणि धर्म नाही. समुद्रापलीकडे आपली चूल मांडण्याची धडपड तर जवळजवळ अडीचशे वर्षांची आहे. ती चूल कोणाच्या हुकमाने पेटत होती आणि कोणासाठी, हे पाहण्यासारखे आहे. पहिला धागा थेट पेशव्यांच्या घराण्यापर्यंत जातो.

राघोबादादांना पेशवाई हवी होती आणि त्यासाठी इंग्रजांचे पाठबळ हवे होते. मुंबई-कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांवर भरवसा उरला नाही, तेव्हा त्यांनी आपले वकील सरळ विलायतेला पाठवले. हणमंतराव हा ब्राह्मण, आणि त्याच्याबरोबर मनुआर रतनजी हा पारशी व त्याचा मुलगा. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. पारशांचे कसेही भागले असते. हणमंतरावाचे काय? थंडीचा मुलूख, भाषा परकी, आणि ज्या घरात राहायचे त्या घरातल्या विस्तवावर मांस शिजलेले. भांडी दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याने आणलेले. पुण्याच्या पंक्तीत वाढलेल्या माणसाला तिथे एक वेळचा भात मिळणेही संकटच होते.

या अवघड प्रसंगी त्याच्या मदतीला आला एडमंड बर्क, पार्लमेंटातला नामांकित वक्ता, ज्याने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरला तोच. लंडनपासून काही अंतरावर बीकन्सफील्ड येथे बर्कची शेतीवाडी होती. तिथे तो या पाहुण्यांना घेऊन गेला आणि बागेतले मोठे काचघर, थंडीत नाजूक झाडे जगवण्यासाठी बांधतात ते, त्याने त्यांना मोकळे करून दिले. घरापासून अलग, कोणाची शिवाशिव नाही, आत उजेड आणि ऊब. हणमंतरावाने तिथे आपली चूल मांडली. लंडनचे नामवंत लोक या पाहुण्यांना तिथे येऊन भेटून गेले. पुढे बर्कने राघोबादादांना पत्र लिहिले. तुमच्या वकिलाला सुरुवातीला जो त्रास सोसावा लागला तो आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे, दुष्टपणामुळे नव्हे, असा त्या पत्राचा आशय आहे. परक्या माणसाच्या जेवणाची अडचण समजून घेऊन त्याबद्दल इतक्या मोठ्या माणसाने दिलगिरी कळवावी, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती. सालबाईच्या तहाच्या रेट्यात ती हरवून गेली.

आता पुढची हकीकत. ती फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या लष्करातील अधिकाऱ्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवून ठेवली आहे. विल्फर्ड दोन ब्राह्मण वकील म्हणतो, बर्कच्या कागदांत एकाच ब्राह्मणाचे नाव येते. पण प्रसंग तोच. ही मंडळी जाताना समुद्रमार्गे सुएझला गेली आणि परतताना इराणमार्गे खुष्कीने आली. परतल्यावर त्यांना वाळीत टाकण्यात आले. आरोप दोन. एक, म्लेंच्छांच्या मुलखातून प्रवास करताना शास्त्राप्रमाणे आहार सांभाळणे जवळपास अशक्य, तेव्हा यांनीही तो सांभाळला नसणार. दुसरा, यांनी अटक नदी ओलांडली. ज्या राघोबादादांच्या नावावर अटकेपार झेंडे लावल्याची कीर्ती आहे, त्यांच्याच वकिलांवर हा ठपका!

ठिकठिकाणचे विद्वान जमले, सभा झाल्या. दादांचे वजनही वकिलांना वाचवू शकले नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: हे लोक सदाचारी आहेत आणि देशाच्या कामासाठी गेले होते, म्हणून त्यांना पुनर्जन्म घेण्याची मुभा द्यावी. त्यासाठी शुद्ध सोन्याची योनिप्रतिमा घडवायची, प्रायश्चित्त घेणाऱ्याने तिच्यातून बाहेर पडायचे आणि मग त्याची पुन्हा मुंज करायची. दादांनी ती प्रतिमा करवली, ब्राह्मणांना भरघोस दाने दिली आणि वकील पुन्हा पंक्तीला बसले. ज्या कामासाठी ते गेले होते ते काम मात्र झाले नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांचे राजकारण संपले आणि १७८३ च्या अखेरीस कोपरगावला दादाही गेले.

काचघरात वेगळी चूल मांडून जे राखले होते, त्याची साक्ष धर्मसभेने ग्राह्य धरली नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. हणमंतराव तिकडे काय जेवला हे इकडे कोणी पाहिले नव्हते, आणि ज्याने पाहिले होते तो बर्क म्लेंच्छ. म्हणजे परदेशात स्वतः शिजवून खाण्याने जात वाचत नव्हती. ती वाचत होती परत आल्यावर, सोन्याने. तरीही पुढची शंभर वर्षे समुद्रापार जाणारा प्रत्येक बडा हिंदू आपली चूल बरोबर नेतच राहिला.

राजा राममोहन रॉय १८३० च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून ‘अल्बियन’ जहाजाने निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर स्वयंपाकासाठी आपली माणसे आणि एक मातीची चूल होती. सतीची चाल बंद व्हावी म्हणून झगडलेला, मूर्तिपूजेवर कोरडे ओढणारा हा माणूस. पण जहाजावर जेवणार आपल्या खोलीत, आपल्या माणसांच्या हातचे. झाले असे की समुद्र लागल्याबरोबर नोकरच आजारी पडले आणि त्यांनी धन्याच्या खोलीतच पथारी पसरली. बरोबरच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की राममोहनबाबूंना बसायला जागा उरली नाही, पण त्या बिचाऱ्यांना उठवून बाहेर काढण्याचे काही त्यांच्या जिवावर आले. सुधारकाची सुधारणा कुठे सुरू होते आणि कुठे अडते, याचे मला हे फार लोभस उदाहरण वाटते.

राजेरजवाड्यांच्या तऱ्हा निराळ्या. जयपूरचे सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ‘ऑलिंपिया’ हे सबंध जहाज भाड्याने घेऊन गेले आणि महिनोन्‌महिने पुरेल इतके गंगाजळ चांदीच्या प्रचंड घागरींतून नेले. त्यांपैकी दोन घागरी जयपूरच्या राजवाड्यात आजही ठेवलेल्या आहेत. एकेक सव्वापाच फूट उंच. बडोद्याच्या सयाजीरावांची पहिली युरोपयात्रा १८८७ ची. पुढे त्यांनी इतक्या वाऱ्या केल्या की परदेशगमनाचे नवल बडोद्यात तरी राहिले नाही.

आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, ज्यांच्या नावाचे कोल्हापुरात कॉलेज आहे ते, या साऱ्यांच्या कितीतरी आधी गेले, १८७० साली. वय अवघे वीस. इंग्रजीत रोजनिशी लिहिणारा, व्हिक्टोरिया राणीला भेटून आलेला हा तरुण राजा परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबरला वारला. चूल पेटवायला युरोपात अडचण येत नव्हती. चितेचे तसे नव्हते. उघड्यावर प्रेत जाळण्याची चाल तिकडे नव्हती. तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाला, चंदन-तुपासह दहन झाले. त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. जवळच्या नव्या पुलालाही फ्लॉरेन्सकर ‘हिंदी माणसाचा पूल’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. कोल्हापूर-बेळगावकडून तिकडे जाणाऱ्याने एवढी वाट वाकडी करावी.

आचारी नेण्याची ऐपत नसलेला माणूस जेव्हा समुद्र ओलांडू लागला, तेव्हा खरी गोष्ट बदलली.

मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाला. मोढ वाण्यांच्या पंचायतीने त्याला आधीच जातिबाहेर टाकले होते, आणि त्याला निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठेवला होता. हणमंतरावाला निदान परत आल्यावर तरी वाळीत टाकले. इथे बोट सुटण्यापूर्वीच निकाल. मांस खाणार नाही असे आईला वचन दिलेले. बोटीवर काट्या-चमच्यांची लाज आणि पदार्थ विचारण्याचा संकोच, म्हणून बरोबर दिलेल्या मिठाई-फळांवर दिवस काढले. लंडनला बिऱ्हाड केले. सकाळची ओटची लापशी पोटभर असे. दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. दोन-तीन कापांपेक्षा जास्त पाव मागायची लाज वाटे. रात्री उपाशी झोपणारा हा वकिलीचा विद्यार्थी शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीच्या दाराशी जाऊन पोचला तेव्हा त्याला झालेला आनंद आत्मकथेत आलेला आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा प्रसंग. खर्चाचा हिशेब पाहून गांधींनी दोन खोल्यांचे बिऱ्हाड सोडले, आठवड्याला आठ शिलिंग भाड्याची एकच खोली घेतली आणि एक स्टोव्ह विकत आणला. सकाळी त्यावर ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी. वीस मिनिटांचे काम. दुपारी बाहेर जेवायचे, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. भाड्याची खोली आणि आपली शेगडी यांचे सारे गणित त्या एका हिशेबात आले आहे. आणि गंमत अशी की स्वतः रांधू लागल्यावर या मुलाने घरचे सांभाळले नाही. घरून आलेले मसाले आणि मिठाया हळूहळू सोडल्या. आधी जो उकडलेला पालक बेचव लागत होता तोच आवडू लागला. चव जिभेत नसून मनात आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. (तो सगळ्यांनाच पटेल असे नाही. मला तर अजिबात पटलेला नाही.) वचन आईचे होते, पण शेगडीवर काय ठेवायचे ते आता ते स्वतः ठरवत होते. १८९१ साली परतल्यावर भावाच्या समाधानासाठी नाशिकला गोदावरीत स्नान झाले आणि राजकोटला जातीला जेवण. सोन्याची प्रतिमा लागली नाही. शंभर वर्षांत प्रायश्चित्ताचा भाव बराच उतरला होता.

पुढे २४ ऑक्टोबर १९०९ ला लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांनी दसऱ्याचे जेवण केले. अध्यक्ष गांधी, वक्ते सावरकर. दोघांच्या वाटा तेव्हाच वेगळ्या झालेल्या. जेवण शाकाहारी असावे ही गांधींची अट होती आणि रांधणारे विद्यार्थीच. तिथे हजर असलेल्यांच्या आठवणीत असे आहे की दुपारी एक बारकासा माणूस येऊन मुकाट्याने बटाटे सोलू लागला, भांडी घासू लागला, आणि हाच संध्याकाळचा अध्यक्ष हे पुष्कळ वेळाने लक्षात आले.

पुरुषांनी शेगडी पेटवली की तिचा इतिहास होतो. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचे वयही अठराच होते. गांधींच्या साडेपाच वर्षे आधी. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत त्यांनी सांगितले होते की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ते वचन त्यांनी अक्षरशः पाळले. लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही. न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माहेर मिळाले. तिथे सगळे निभावले. फिलाडेल्फियाला वैद्यकीय कॉलेजसाठी गेल्यावर हाल सुरू झाले. खोलीतली शेकोटी अशी की पेटवली तर धूर कोंडणार आणि न पेटवली तर थंडी. अंगावर त्या हवेला अपुरे वस्त्र, पोटात त्या हवेला अपुरे अन्न, आणि वर अभ्यासाचा डोंगर. ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बडे लोक जात राखण्यासाठी जहाजभर माणसे नेत होते, तेव्हा त्याच जातीचा सगळा भार या मुलीने एकटीने वाहिला. कोणा बर्काने तिच्यासाठी काचघर रिकामे केले नाही.

आता एक वेगळीच खोली पाहू. तिच्यात जात राखण्याचा प्रश्नच नव्हता.

भीमराव आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ ला लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचे होते. बडोद्यात राहायला जागा मिळेना. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये खोली भाड्याने घेताना कोणी जात विचारली नव्हती. इथे विचारल्याखेरीज दार उघडत नव्हते. पारशांच्या एका उतारशाळेत पारशी नाव घेऊन ते राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. दिवसभर त्या शहरात छप्पर शोधून शेवटी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे आणि प्रत्येक बडोदेकर मराठी माणसाने ते वाचावे.

१९२० मध्ये थोडी शिल्लक, मित्राकडची उसनवारी आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. या मुक्कामात ते प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरातही राहत होते. घरमालकिणींच्या काटकसरीबद्दल चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे: सकाळी माशाचा तुकडा, पावाचा काप, चहा, आणि मग ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री दहाच्या सुमारास भूक खवळे. कोणा ओळखीच्या गुजराती गृहस्थाने त्यांना पापड दिले होते. त्यांतले चार पापड पत्र्याच्या ताटलीवर भाजायचे, ते खायचे आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचत बसायचे. १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्सची पदवी झाली. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे.

हणमंतरावाचे काचघर आणि बाबासाहेबांची पत्र्याची ताटली यांच्यामध्ये एकशे चाळीस वर्षे आहेत. एकाला परक्या देशात भय होते की आपली जात जाईल. दुसऱ्याला त्याच देशात चार वर्षे जातीशिवाय जगता आले. पापड मात्र पापडच. तो भाजताना येणारा वास दोघांनाही ओळखीचा वाटला असता.

स्वातंत्र्यानंतर धर्माचे कारण मागे पडले आणि पैशाचे पुढे आले. परकीय चलनाची टंचाई अशी की साठ-सत्तरच्या दशकात शिकायला जाणारी मुले आठ डॉलर खिशात घेऊन विमानात चढत. अशा मुलाने हॉटेलात जेवायचे तरी कशाने? लंडनला एका खोलीचे बिऱ्हाड, कोपऱ्यात गॅसची एक शेगडी आणि तिच्याशेजारी पैसे टाकायचा मीटर. शिलिंग टाकले की ज्योत पेटे, संपले की डाळ अर्धी कच्चीच. फोडणीच्या वासावरून घरमालकिणीशी खटके उडत, आणि काळ्या माणसांना खोली देत नाही अशा पाट्याही पन्नासच्या दशकात लंडनमध्ये लागत होत्या. बॅगेतल्या कपड्यांत गुंडाळलेला कुकर हे त्या पिढीचे गंगाजळ म्हणायचे.

नंतर सहल कंपन्यांनी आचारीच बसबरोबर फिरवायला सुरुवात केली. स्वित्झर्लंडच्या बर्फात पोळी-भाजी आणि पॅरिसमध्ये पुलाव. त्यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. साठीच्या माणसाला आठ दिवस नुसत्या पावावर ठेवणे हे काही संस्कृतीचे लक्षण नव्हे. पण आचारी बरोबर न्यायचा ही रीत जयपूर दरबारची, फक्त वर्गणीवर चालवलेली.

भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बाजाराला आपल्यालाच जावे लागते. टिळकवाडीतले एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या पत्नी परवा असेच इटलीला जाऊन आले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी विचारले म्हणे, “अहो, बेळगावात चूल, आणि इथं येऊनही चूलच? मग विमानाचं भाडं कशाला घातलं?” मास्तर निरुत्तर झाले. मग तोड निघाली की आठवडाभर मास्तरांनी करायचे आणि काकूंनी खुर्चीत बसून सांगायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात ‘स्वयंपाक’ शब्दाचा मूळ अर्थ त्या घरात पहिल्यांदा लागू झाला. घरून नेलेले ॲल्युमिनियमचे पातेले तिथल्या शेगडीवर तापेना. ती शेगडी चुंबकाला चिकटणाऱ्या बुडाचेच भांडे ओळखते. मोहरी तडतडली तर छतावरची धुराची घंटा वाजायला लागली. पुढच्या फोडण्या खिडकी उघडून.

जाणाऱ्यांना एक व्यवहारी सूचना. सोवळे आता आपल्या घरातून उठून विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडे गेले आहे. युरोपीय संघाच्या देशांत दुधाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, म्हणजे बेळगावचा कुंदा तिथे विटाळला. अमेरिकेत ताजा कढीलिंब चालत नाही, कारण त्यावरून तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग जाण्याची भीती. आणि दुबईला किंवा सिंगापूरला लेकीकडे जाणाऱ्या आईने अनारसे नेताना शंभरदा विचार करावा: खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत येते आणि त्यापायी तुरुंगात जाण्याची पाळी येऊ शकते.

दुसरी गोष्ट त्या गावच्या लोकांची. धर्मशाळा कोणा दानशूराने प्रवाशांसाठीच बांधलेली असे. ही घरे तशी नाहीत. त्या स्वयंपाकघरांत कालपर्यंत कोणाचा तरी संसार होता. प्रवाशांकडून भाडे जास्त मिळते म्हणून मालक गावच्या भाडेकरूला काढतो, अशी तक्रार वाढत गेली. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने २०२३ साली शहराच्या जुन्या भागात अशी नवी घरे सुरू करण्यावर बंदीचा ठराव केला. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की प्रवासी घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. आपण शोधतो स्वस्त चूल, आणि ती कोणाची तरी विझवून मिळालेली असू शकते. घर घेताना मालक त्याच इमारतीत राहतो का, एवढे विचारून घ्यावे. राजाराम महाराजांच्या छत्रीकडे, जुन्या शहराच्या बाहेर, भाडेही कमी पडते.

मास्तरांनी बेसनाची दोन किलोची पिशवी नेली होती, ती अर्धी परत आली. कारण तस्कनीत चण्याचे पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पिसा-लिव्होर्नोकडचे लोक ते पाण्यात कालवतात, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालतात, मोठ्या तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि भट्टीत भाजतात. वरून मिरपूड घालून गरम गरम खातात. ‘चेचिना’ म्हणतात त्याला. काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “पिठल्याची वडीच की हो ही, फोडणी विसरलेत एवढंच.” तेव्हा बेसनाचे ओझे कोणी नेऊ नये. हिंग मात्र न्यावा, आणि डबी दोन पिशव्यांत घट्ट बांधावी.